गाइडातला भाव आणि आईचे गुडघे

आईचे दोन्ही गुडघे बदलायचे ठरले, म्हणजे डॉक्टरांनी ठरवलं. आईने नाही. "तुझ्या पैशाने? मुळीच नाही. आधी मुलांची शिक्षणं बघ," ती म्हणाली. माझ्या पैशाला हात लावायचा नाही हे तिचं व्रत आहे, आणि त्याला उद्यापन नाही. समा भागातल्या आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही. ती बसत बसत एकेक पायरी उतरायची आणि वर मलाच सांगायची, आज बरं आहे हं.

मग मला माझी जुनी कॉमिक्स आठवली. मी लहान असताना ती ब्लाउज शिवायची आणि त्या कमाईतून दर महिन्याला मला नवे अंक आणायची. म्हणजे पैसे तिचेच. "ती विकून गुडघे कर," मी म्हणालो. पैसे तिचेच निघाल्यावर ती कबूल झाली.

मी इंटरनेटवरून प्राइस गाइड उतरवून घेतलं. जुन्या कॉमिक्सचे भाव, अंकवार. वाचून मी दोनदा बेरीज केली. गुडघेच काय, आमच्या कपाटातून कंबरही निघाली असती. आईने देवापुढे साखर ठेवली.

नंतर खरा बाजार बघितला. गाइडच्या भावाने मांडलेल्या अंकांकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, आणि विकले गेले होते ते त्याच्या जेमतेम चौथाईत. गाइडातला भाव म्हणजे लग्नाच्या स्थळात सांगितलेला मुलाचा पगार. अगदी खोटा नसतो, पण हातात तेवढा येत नाही. तरी चौथाईत एक गुडघा बसत होता. "एक तर एक," आई म्हणाली.

वाघोडिया रोडवरून एक संग्राहक आला. तिशीचा, हातात पांढरे हातमोजे. "आवो भाई, बेसो," असं गुजरातीत म्हणत आईने त्याला बसवलं आणि मी कपाटातून खंड काढले.

हो, खंड. आजोबा संस्थानच्या दप्तरात होते, त्यामुळे घरात सुटे कागद असणं आमच्याकडे दारूच्या व्यसनाच्या जरा अलीकडे मोजलं जायचं. वर्ष संपलं की आई सगळे अंक बाइंडरकडे द्यायची. तो मशीनवर कडा सरळ कापायचा, पाठ शिवायचा, लाल कापडी पुठ्ठा चढवायचा आणि वर सोनेरी अक्षरांत माझं नाव. शिवाय दर दसऱ्याला सरस्वतीपूजनाला हे खंड पाटावर असायचे, आणि आई प्रत्येकाच्या पहिल्या पानावर हळदकुंकू लावायची.

संग्राहकाने पहिला खंड उघडला. मग हातमोजे काढले.

"काका, आनुं कंई ना आवे." याचं काहीच यायचं नाही. कडा कापलेल्या, पाठ शिवलेली, आणि हे लालपिवळं काय आहे? गाइडातला भाव छापखान्यातून आल्यासारख्या कोऱ्या अंकाचा असतो, हे रद्दीत जाईल, तेही पुठ्ठे काढून. एवढं सांगून त्याने चहा घेतला आणि तो गेला. मला त्याचा असा राग आला की काही विचारू नका. तो बरोबर होता, म्हणून जास्तच.

आई खंडांकडे बघत बसली होती. "मीच घालवले की रे," ती म्हणाली. "तू तरी कधी बोलला नाहीस, लावू नकोस म्हणून."

"मला आवडायचं. वर्गात कोणाच्या कॉमिक्सवर सोन्याचं नाव होतं?"

"वाचलीस ना पण सगळी?"

"पाठ आहेत."

"बघू, सांग एक."

मी एक गोष्ट पहिल्या चौकटीपासून सांगायला घेतली. राक्षसाचा आवाज, राजकन्येचा आवाज, तलवारींची खणाखण, सगळं. माझं वय पंचावन्न आहे. निम्म्यावर तिने हात वर केला.

"बस. माझे पैसे वाया नाही गेले." मग म्हणाली, "आता तुझे घाल. लाव डॉक्टरांना फोन. आणि एक नको, दोन्ही."

मी फोन लावला. तिनेच तो माझ्या हातातून घेतला आणि तारीख मागितली.