आबांचा दगड

वेल्ह्याकडच्या आमच्या वाडीत झऱ्यातला गाळ काढायचं श्रमदान मी सुरू केलं, तेव्हा रोज सकाळी सगळ्यांच्या आधी हजर असत ते शेजारचे आबा. कामाला नव्हे. झऱ्याजवळच्या एका सपाट दगडावर बसून ते आम्हाला नावं ठेवत.

"खोरं धरलंय का लाटणं?" हे मला. घमेलं अर्धंच भरलेलं दिसलं की, "सरपंच, देवाला निवद न्यायचाय व्हय?" मला असा काही राग यायचा की त्या भरात चार घमेली जास्त उचलली जायची. सरपंचांचंही तेच.

मग आबा लेकीकडे आंबवड्याला गेले. सुटलो बाई एकदाचे, असं मी मोठ्यानं म्हणालेसुद्धा. पण आता चिडायला कुणी उरलं नव्हतं. आधी गप्पा वाढल्या, मग कुणीतरी भजी आणली, आणि पुढं पुढं माणसं नुसती भजी खायलाच येऊ लागली. उन्हाळा तोंडावर आलेला. झरा मोकळा झाला नसता तर आम्हा बायकांना हंडे घेऊन पार खालच्या ओढ्यापर्यंत उतरावं लागलं असतं.

शेवटी सरपंच आणि मी टेम्पोनं आंबवडं गाठलं. आबा ओसरीवर बसून लेकीच्या कोंबड्यांना नावं ठेवत होते.

"आबा, चला. तुमच्याबिगर काम व्हईना," सरपंच म्हणाले.

आबांनी पायाशी आलेली एक कोंबडी हुसकावली. मग म्हणाले, "म्या रोज येत हुतो. पर चला म्हणून कुणी म्हनलं न्हाई कधी."

गुडघे गेलेल्या माणसाला श्रमदानाला कोण बोलावणार? मी त्यांची काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी आबा थेट आपल्या जागेवर गेले. तिथं दगडच नव्हता. चांगला सपाट दिसला म्हणून आम्ही तो झऱ्याच्या कठड्यात बसवून टाकला होता. आबांनी कठड्यावरून हात फिरवत आपला दगड बरोबर शोधला.

"वाकडा बसवलाय."

सरपंचांनी मुकाट्यानं पहार घेतली आणि दगड उपटला. आबा त्यावर बसले, आणि पहिला शब्द ऐकताच मी चिडून खोरं उचललं.

झरा वेळेत मोकळा झाला. कठड्यातलं भगदाड मात्र अजून तसंच आहे. पाणी भरायला निघाले की मी आबांच्या दारात थांबते आणि "आबा, चला" म्हणते. ते काठी घेऊन आधीच उंबऱ्यात बसलेले असतात.

"लई उशीर केलास," म्हणतात.