रायपूर : वैशालीची चाचणी, झाली तशी

माझा पुतण्या केदार याने आमच्या रायपूर-प्रवासाचा वृत्तांत आपल्या ब्लॉगवर लिहिला आहे. त्याच्या शुद्धलेखनाविषयी मी त्याच्याशी स्वतंत्रपणे बोललो आहे. येथे केवळ घटना दुरुस्त करतो. रायपूरला राहणारी माझी भाची वैशाली ही फुटबॉलची आंतरराष्ट्रीय पंच. धावण्याच्या चाचणीत ती ‘पकडली गेली आणि तिची कारकीर्द संपली’, असे तो लिहितो. दोन्ही विधाने चुकीची आहेत.

नागपूरहून आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. पाच तासांचा प्रवास. डबा बरोबर असावा. दुपारी वैशालीसोबत गोल बाजारात गेलो. बुटांच्या नाड्यांसाठी तिने चार दुकाने पालथी घातली. जाणाऱ्यांनी रिक्षाचे भाडे आधी ठरवावे. संध्याकाळी घरी तिने आम्हांला तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरे वाढले. स्वतः मात्र साधा वरणभात घेतला. परदेशी सामन्यांविषयी विचारले, तर म्हणाली की पंचांना संघांपासून वेगळे ठेवतात. त्यामुळे तिने पाहिलेले देश म्हणजे विमानतळ, खोली आणि मैदान. छातीवरचा आंतरराष्ट्रीय बिल्ला दरवर्षी चाचणी देऊन टिकवावा लागतो. तीच चाचणी दुसऱ्या दिवशी होती.

सकाळी सहाला मी आणि केदार मैदानाच्या पायऱ्यांवर बसलो. पंचाहत्तर मीटर धाव, पंचवीस मीटर चाल, अशा फेऱ्या. शिट्टीपूर्वी पाऊल चालण्याच्या पट्ट्यात पडले पाहिजे. पहिल्या उशिराला ताकीद, दुसऱ्याला बाद. ताकीद तिला मिळालेली होती. शेवटून दुसऱ्या फेरीत ती अचानक थांबली आणि तिने हात वर केला. आम्हांला काहीच दिसले नव्हते. परीक्षक तिच्याच हाताखाली तयार झालेला होता.

“दीदी, मैंने तो कुछ नहीं देखा. दौड़िए.”

“तू नाही पाह्यलं, मी पाह्यलं, पाय शिट्टीनंतर पडला. घड्याळ थांबव भैया, अन् लिहून टाक.”

त्याने मान खाली घालून लिहिले.

मैदानावरून तिच्या घरी परतताना वाटेत भनपुरीत ट्रकांच्या रांगेत रिक्षा अडकली. (तो रस्ता सकाळी सातच्या आत ओलांडावा.) गप्प बसली असती तर बिल्ला वाचला असता, असे केदार म्हणाला.

“बावीस जणांले मी सांगत राह्यते, पाय रेषेबाहेर गेला म्हणून. मंग माह्या पायाले काहून सोडू? अन् तू नको बोलू पोट्ट्या, तुले पायऱ्या चढतानीच धाप लागते.”

पुनर्चाचणीची एकच संधी असते. दुसऱ्या दिवशी पहाटे ती घराजवळच्या बीरगांवच्या मैदानावर धावत होती. कारखान्यांच्या रात्रपाळीवरून सुटलेले कामगार सायकली थांबवून पाहत होते. मी कडेला उभा राहून शिट्टी वाजवत होतो. दोनदा मी उशिरा वाजवली. दोन्ही वेळा तिने ती फेरी पुन्हा धावून काढली.

घरी परतून आठवडा झाला. नियम पाळणारी माणसे मी पुष्कळ पाहिली; कुणी पाहत नसताना स्वतःविरुद्ध निर्णय देणारी ही एकच. तेव्हा तारखा अशा वाचाव्यात :

प्रस्थान : शनिवार, शुक्रवार नव्हे.
चाचणी : रविवार, शनिवार नव्हे.
सरावास पुन्हा आरंभ : सोमवार. केदारच्या वृत्तांतात ही नोंदच नाही.
पुनर्चाचणी : पुढील महिन्याचा दुसरा रविवार.
कारकीर्दीची समाप्ती : केदारने शनिवार छापला आहे. तो खोडावा, जागा कोरी ठेवावी.