आत्याच्या खुणा

माझ्या आत्याला कोणी "तुला जमायचं नाही" म्हटलं, की समजायचं, ती गोष्ट आता होणार. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त माझ्या बाबांना नाही. ते तिचे थोरले भाऊ आणि जन्मभर तिला हेच वाक्य ऐकवत आलेत.

आजोबा गेले तेव्हा मागे राहिली ती एक लाकडी बोट, तिला लावलेलं जुनं इंजिन, एक मोठं जाळं आणि ही दोन भावंडं. बाबा वीजबिल भरायच्या खिडकीत बसतात. धक्क्याला बांधलेल्या बोटीत नुसता पाय ठेवला तरी त्यांना मळमळतं. आत्याचं लग्न झालं नाही, म्हणजे तिनं केलं नाही. आजोबा थकल्यापासून बोट तीच चालवते, गळ टाकून मासे धरते आणि धक्क्यावर उभी राहून स्वतः विकते. कागदावर मात्र बोट दोघांची.

आता मासा काही कुठेही नसतो. आमच्या समुद्राचा तळ सगळा वाळूचा, आणि वाळूवर गळ टाकणं म्हणजे रिकाम्या घराची कडी वाजवत बसणं. मासा असतो पाण्याखालच्या खडकांपाशी, आणि ते वरून दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक बोटीच्या आपापल्या खुणा असतात. किनाऱ्यावरची अमुक इमारत तमुक झाडाच्या मागे गेली, दुसऱ्या बाजूला आणखी दोन गोष्टी एका रेषेत आल्या, की खाली खडक. या खुणा बाप मुलाला सांगतो, तेही बोटीतच, जमिनीवर कधीच नाही. त्या वेळी बोटीत तिसरं कोणी असेल तर त्यानं मान खाली घालून कानांत बोटं घालायची.

आजोबांनी बाबांना खुणा सांगितल्या तेव्हा तिसरी होती आत्या. बोटीतलं पाणी उपसायला तिला नेली होती. बाबा काठावर ओणवे होऊन ओकत होते, आजोबा त्यांच्या कानाशी लागून सांगत होते, आणि जिला समुद्रावाचून करमत नव्हतं ती मुलगी कानांत बोटं घालून बसली होती. हे आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आत्या म्हणते, "घट्ट घातली होती गं. तेव्हा मी फार शहाणी होते."

पुढे आजोबांना त्या खडकांपर्यंत जाणं झेपेना. ते किनाऱ्यालगतच गळ टाकू लागले आणि त्यांच्यामागे आत्याही तिथेच टाकत राहिली. मिळायचं ते बेताचंच. ते बघून बर्फाच्या कारखान्याचा मालक बोट मागायला आला. त्याला सगळे बर्फवाला म्हणतात. बोटीच्या लाकडात त्याला काडीचा रस नव्हता. त्याला आजोबांच्या खुणा हव्या होत्या.

"हा हंगाम बघू," बाबा जेवताना म्हणाले. "बोट स्वतःचं पोट भरत नसेल तर देऊन टाकू त्याला."

"आणि खुणा?"

"त्या बोटीबरोबर जातील."

आत्यानं हातातला घास ताटात ठेवला. "बर्फवाल्याला सांगशील आणि मला नाही?"

"आपल्या बाबांनी मला सांगितल्या, तुला नाही. काहीतरी विचार करूनच ना?"

"मग ठेव तुझ्यापाशी," आत्या म्हणाली. "खडक काही बाबांनी नेऊन टाकले नव्हते. माझे मी शोधीन."

दुसऱ्या दिवशी तिनं आजोबांचं मोठं जाळं विकलं आणि मला घेऊन फिश फाइंडर आणायला निघाली. फिश फाइंडर म्हणजे बोटीखाली तळ कसा आहे, मासे आहेत का, ते पडद्यावर दाखवणारं यंत्र. धक्क्यावर ते फक्त मोठ्या बोटींवर होतं.

दुकानदारानं आधी आमच्या मागून कोणी पुरुष येतोय का ते पाहिलं. कोणी येईना, तेव्हा नाइलाजानं ताटाएवढा रंगीत पडदा पुढे केला. त्यात नकाशा होता, जागा लक्षात ठेवायची सोय होती, फोनलाही तो जोडता येत होता.

"एक जाळं विकून आलेत तेवढेच पैसे आहेत," आत्या म्हणाली. "त्यात बसेल ते काढा."

त्यानं खालच्या कप्प्यातून तळहाताएवढं, काळंपांढरं यंत्र काढलं. "हे शिकाऊ लोकांसाठी असतं, बाई."

"वाळू कुठली, खडक कुठला, ते दाखवतं?"

"मऊ तळाची रेघ बारीक येते, कडक तळाची जाड."

"आणि किती खोलवरचं दिसतं?"

त्यानं सांगितलं. आत्या म्हणाली, "आमचं पाणी याच्या निम्मंसुद्धा नाही. मग तुमचं ते मोठं यंत्र उरलेल्या खोलीचं काय करणार?"

मग तिनं दाखवायला बॅटरीवर चालू ठेवलेली दोन्ही यंत्रं उचलली आणि थेट रस्त्यावर आली. दुकानदार मागून धावला. "मॅडम, आतच बघा ना."

"आत दिव्याखाली सगळंच छान दिसतं. मला उन्हात मासे धरायचेत." रंगीत पडद्यात तिला फक्त स्वतःचा चेहरा दिसला. काळ्यापांढऱ्यावर सगळे आकडे वाचता आले.

"पण हे जागा लक्षात ठेवत नाही," दुकानदारानं शेवटचं सांगून बघितलं.

"लक्षात मी ठेवीन. त्याचे पैसे पडत नाहीत."

पैसे घेतल्यावर त्याचा आवाज जरा मऊ झाला. वायरीच्या टोकाला साबणाच्या वडीएवढा काळा तुकडा होता, तो त्यानं आत्याच्या हातात दिला. "हा याचा कान. हा पाण्याखाली राहतो. इथून आवाज जातो, तळाला लागून परत येतो, आणि हा तो ऐकतो. इंजिनाच्या फेसापासून लांब बसवा."

आत्यानं तो कान बोटीच्या मागच्या फळीवर, इंजिनापासून लांबच्या कोपऱ्यात, अगदी खाली, स्वतः स्क्रू पिळून बसवला. मग हंगाम सुरू होण्याआधी सगळे करतात तेच केलं. बोट उलटी घालून तिला खालून डांबर फासलं. आमच्याकडे पाण्याखाली जाणारा तसूभर भागही कोरा सोडत नाहीत, सोडला तर लोक नावं ठेवतात. आत्याचा हात तर सढळ.

हंगामाच्या पहिल्या दिवशी पडद्यावर काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. धक्क्यावरचे विचारू लागले, "काय मग, टीव्हीवर आज काय लागलंय?" आत्या म्हणायची, "तुमचीच तोंडं दिसतात, म्हणून बंद ठेवलाय." पण घरी आली की ती यंत्राकडे बघत बसायची. दुकानदारानं फोनवर बॅटरी बदला म्हणून सांगितलं आणि हात झटकले. तीही बदलून झाली. बाबांच्या खिडकीपर्यंत हे हसं पोचलं. ते घरी येऊन म्हणाले, "मी म्हटलं होतं. हंगामभर थांबण्यात अर्थ नाही. रविवारी बर्फवाल्याला बोलावतो." आत्यानं यंत्र फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवलं, आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली.

शनिवारी मी धक्क्यावर गाणी ऐकत बसले होते. आत्यानं दोनतीनदा हाक मारली असावी. शेवटी येऊन तिनं माझा इअरफोन ओढून काढला. "कानात बोळे घातल्यावर ऐकू कसं येणार तुला," ती म्हणाली आणि तशीच थांबली. मग बोटीकडे बघितलं.

"अगं, मी याच्या कानात बोटं घातली की."

आम्ही दोघींनी बोट वर ओढली. रॉकेलच्या चिंध्यांनी घासून घासून त्या तुकड्यावरचं डांबर काढलं. माझी नखं महिनाभर काळी होती.

रविवारी बर्फवाला आमच्या घरात चहा पीत होता, तेव्हा आम्ही समुद्रावर होतो. आत्या इंजिन हळू ठेवून शेत नांगरल्यासारखी बोट इकडून तिकडे नेत होती, मी पडद्यावर डोळे लावून बसले होते. रेघ आली. बारीक, बारीक, बारीकच. ऊन डोक्यावर आलं, पाठ मोडायची वेळ आली. मग ती रेघ जाड झाली आणि वर चढू लागली.

"आत्या, जाड."

तिनं नांगर टाकला. पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती उभी राहून किनाऱ्याकडे बघत होती, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, ओठांत काहीतरी पुटपुटत. तिचे डोळे भरले होते आणि ती रागावल्यासारखी दिसत होती. मग म्हणाली, "आता गळ टाक."

संध्याकाळी तिनं टोपली भरून मासे बर्फवाल्यासमोर ठेवले. "बोट विकायची नाही. बर्फ मात्र लागेल, रोज."

बाबांनी हंगामभर ती खोटी ठरायची वाट पाहिली. बोट पोट भरून उरवू लागली, तेव्हा एकदा जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबांचाच खडक ना तो?"

"जमिनीवर बोलत नाहीत हे," आत्या म्हणाली.

मग बाबा एका सकाळी खिशात लिंबू घेऊन बोटीत येऊन बसले. अर्ध्या वाटेतच ते काठावर ओणवे झाले. खडकावर पोचल्यावर आत्यानं इंजिन बंद केलं, नांगर टाकला, मला जवळ बोलावलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला किनाऱ्याकडे वळवलं.

"दादा," ती म्हणाली, "कानांत बोटं घाल."

बाबांनी तोंड पुसलं. तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग त्यांनी मान खाली घातली आणि कानांत बोटं घातली.