एकेचाळीस जणांची मावशी

विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या देवघेवीच्या खिडकीवर ज्या बाई बसत, त्यांना सगळे कर्मचारी जगतमावशी म्हणत. हे नाव काही लाडाने ठेवलेलं नव्हतं. ज्या हेडक्लार्कने ते ठेवलं, त्याचं म्हणणं असं की या बाईला लष्कराच्या भाकऱ्या भाजायची खोड आहे. म्हणणं तसं खरंच होतं.

खोड लागली चौदा वर्षांपूर्वी. वसतिगृहाच्या अर्जात एक रकाना असतो, स्थानिक पालक. म्हणजे शहरात राहणारा, विद्यार्थ्याच्या नात्यातला आणि बोलावलं की हजर होणारा माणूस. वीस वर्षांच्या मुलीला सरकार निवडायचा अधिकार आहे, पण वसतिगृहातल्या खाटेवर झोपायचं तर कुणा काकाची सही हवी! हा रकाना ज्याने काढला त्याचे निम्मे नातेवाईक या शहरात राहत असणार आणि उरलेले निम्मे विद्यापीठातच चिकटलेले असणार. डोंगरापलीकडच्या आदिवासी वस्त्यांतून येणारी पोरं दिवसभर चालून, मग होडीने, मग दोन बस बदलून इथवर पोचत. शहरात त्यांना काळं कुत्रं विचारत नसे, तिथे पालक कुठून आणायचा? त्यातलीच एक मुलगी तीनदा परत आलेला अर्ज हातात धरून ग्रंथालयाच्या पायरीवर रडत बसली होती. बाईंनी तिच्या हातातून अर्ज ओढून घेतला, रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, नात्यापुढे ‘मावशी’ असं लिहिलं आणि सही ठोकली.

“आधी हा देऊन ये,” त्या म्हणाल्या. “मग हवं तेवढं रड.”

डोंगरात मोबाइलला रेंज नसते, पण असल्या बातम्यांना असते. पुढच्या वर्षी सात पोरं खिडकीशी उभी राहिली, त्याच्या पुढच्या वर्षी बारा. बाईंना सगळ्यांची नावं पाठ होती, पण हाक मारायची ती विषयाने. “कायदा, ताप उतरला का?” “रसायन, केस काप आता.” पहिली रडणारी मुलगी म्हणजे नर्सिंग. ती शिकून परत आपल्या वस्तीवरच्या आरोग्य केंद्रात गेली होती. बाईंच्या यजमानांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून ते म्हणायचे, “घरात पाळणा हलला नाही म्हणून तू मन मोठं केलंस, ते ठीक. पण एवढं मोठं?” आणि मग ज्याच्या त्याच्या मनगटावरचं बंद घड्याळ काढून चालू करून द्यायचे.

या सगळ्या काळात विद्यापीठ झोपलेलं होतं, असं नाही म्हणता येणार. विद्यापीठाने एक कक्ष उघडला होता. दुर्गम भाग विद्यार्थी साहाय्य कक्ष. अकरा ते एक उघडा. त्यात एक टेलिफोन होता, मदतीसाठी कधीही फोन करा असं त्याच्यावर लिहिलं होतं, आणि तो वाजला की कुलूप लावलेल्या खोलीत छान वाजायचा. कक्षप्रमुख गृहस्थ मोठे कळकळीचे. ‘आत्मविश्वास कसा वाढवावा’ यावर ते दरवर्षी शिबिर घेत. समोर बसलेली पोरं सहाव्या वर्षापासून नदी ओलांडून शाळेत गेलेली. प्रमुखांना स्वतःला जिना उतरताना कठड्याचा आधार लागे. पण आत्मविश्वास ते वाढवणार आणि पोरांचा वाढणार, असं वेळापत्रकात छापलेलं होतं.

भूगर्भ आली ती तीन वर्षांपूर्वी. तिच्याबरोबर तिची आई आली होती. एवढ्या लांब सहसा कुणाची आई येत नसे. खिडकीपुढे मोठी रांग होती. आईने मुलीचा हात धरला, खिडकीतून आत घातला आणि बाईंच्या हातात ठेवला. त्यांच्या भाषेत काहीतरी बरंच बोलली. बाईंना वाटलं, आभार मानतेय बिचारी. “हो हो, काळजी करू नका,” म्हणत त्यांनी हात सोडवून घेतला आणि पुढच्याच्या पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला. आई वळली आणि मागे न बघता गेली. बाईंना ते जरा कोरडंच वाटलं होतं.

भूगर्भ हुशार निघाली. दगड जिभेला लावून ओळखायची. साहाय्य कक्षाच्या दारावर तिचा हसरा फोटो लागला. फोटो लावायला तिला कुणी विचारलं नव्हतं, पण कक्षाला हसरा चेहरा हवा होता आणि कक्षप्रमुखांचा तसा नव्हता.

तिच्या शेवटच्या वर्षी विद्यापीठात नवीन संगणकप्रणाली आली. त्या प्रणालीने पहिल्याच आठवड्यात शोध लावला की एकेचाळीस विद्यार्थ्यांची मावशी एकच आहे. चौदा वर्षं जी गोष्ट पोरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती, ती आता अधिकृतपणे उघडकीला आली. एवढी पोरं कुणी फुकट सांभाळतं का? यात नक्कीच काहीतरी काळंबेरं असणार! विद्यार्थ्यांच्या हितासाठी पाच जणांची समिती नेमली गेली, आणि विद्यार्थ्यांच्या हितासाठीच नोटीस निघाली. आठ दिवसांत नातं सिद्ध करा, नाहीतर वसतिगृहातली जागा रद्द. जागा गेली की राहायचं कुठे, आणि बारा दिवसांवर शेवटची परीक्षा. नमुना म्हणून भूगर्भची फाईल आधी काढली, कारण ती वरच होती. ती सुटली तर बाकीचे चाळीस सुटणार, ती बुडाली तर सगळेच बुडणार.

“खरं सांगून टाकते,” बाई घरी म्हणाल्या. “मावशी नाही म्हणते. माझी नोकरी काय, जायची तर जाईल.”

“तू खरं बोललीस तर पोरं रस्त्यावर,” यजमान म्हणाले. “खोटं बोललीस तरी रस्त्यावर. मग निदान घाबरून तरी बोलू नकोस.”

समितीची बैठक दुपारी तीनला, कुलसचिवांच्या शेजारच्या खोलीत. पंखा जोरात होता, त्यामुळे सगळ्यांनी आपापल्या कागदांवर पाण्याचे पेले ठेवले होते. बाई एका टोकाला, भूगर्भ त्यांच्या मागे उभी. तिला खुर्ची होती, पण बस असं कुणी म्हणालं नव्हतं.

“तर तुम्ही मावशी,” कक्षप्रमुख म्हणाले. “म्हणजे हिच्या आईच्या बहीण. आणि बाकी चाळीस आयांच्याही.”

“सख्खी नाही,” बाई म्हणाल्या.

“वा! म्हणजे चुलत?” प्रमुख सगळ्यांकडे बघून हसले. “आपल्यात म्हणच आहे, माय मरो पण मावशी जगो. या पोरांनी फारच मनावर घेतलेली दिसते!”

चार सदस्य हसले. पाचव्या, कायद्याच्या प्राध्यापिका, हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “आपण इथे विनोद कशाला करतोय? मुलीच्या आईलाच विचारा ना. फोन लावा.”

वस्तीवर फोन एकच, आरोग्य केंद्रात. नोटिशीची बातमी डोंगरात पोचलीच होती, त्यामुळे आईला तिथे आधीच बोलावून घेतलेलं होतं. तिला इथली भाषा येत नसल्यामुळे मधे बोलायला तिथली नर्स होती. ही नर्स कुठे शिकली हे समितीने विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलंही नाही. टेबलाच्या मधोमध फोन ठेवून आवाज मोठा केला.

“आपण या मुलीच्या आई ना?” प्रमुखांनी मोठ्याने, सावकाश विचारलं. दुर्गम भागाशी बोलताना ते नेहमी मोठ्याने आणि सावकाश बोलत.

पलीकडे दोघींचं बोलणं झालं. मग नर्स म्हणाली, “त्या नाही म्हणतात.”

प्रमुखांचा चेहरा असा उजळला की दारावर लावायला फोटो तोच चालला असता. “ऐका! म्हणजे मावशीही खोटी आणि आईही खोटी!”

“साहेब, पूर्ण ऐकून घ्या,” नर्सचा आवाज जरा चढला. “त्या म्हणतात, मी आई होते. तीन वर्षांपूर्वी पोरीचा हात त्या पुस्तकवाल्या बाईंच्या हातात दिला आणि त्यांनी घेतला. तेव्हापासून पोरीचं काय करायचं ते त्या ठरवतात. आमच्यात पोर लांब पाठवायचं झालं तर असंच पाठवतात, साहेब. दोघींनी दोन बाजूंनी ओढलं तर पोराचे हाल होतात, म्हणून जन्म देणारी आपला हक्क सोडते. पोर आजारी असो, उपाशी असो, तिने मधे बोलायचं नाही.”

पलीकडून आई पुन्हा काहीतरी म्हणाली, अगदी थोडं.

“काय म्हणतात?” कायद्याच्या बाईंनी विचारलं.

“काही नाही.” नर्स घुटमळली. “ती नीट जेवते का, असं विचारायचं होतं. मग म्हणाल्या, राहू दे, ते विचारायचा हक्क मला नाही.”

जगतमावशींनी आपला उजवा हात टेबलाखाली घेतला. चौदा वर्षं त्या रकान्यात आपण बेधडक खोटं लिहितो, असा त्यांना थोडासा अभिमानच होता. आणि एक बाई खिडकीत पोटची पोर देऊन गेली, तेव्हा आपण रांग पुढे सरकवली! त्यांना स्वतःची लाज वाटली, इतकी की समोरची समिती दिसेनाशी झाली.

कायद्याच्या बाई म्हणाल्या की पाच सदस्यांसमक्ष आईने पालकत्व दिल्याचं सांगितलंय, आता कुठलं नातं सिद्ध करायचं राहिलं? प्रमुखांनी लेखी नसल्याची हरकत घेतली. ती इतिवृत्तात लिहिली गेली, आणि मग इतिवृत्त हेच लेखी आहे असं कुणाच्यातरी लक्षात आलं. पाच मिनिटांत वसतिगृहाची जागा कायम झाली, बाकीच्या चाळिसांच्या फाइली ‘याच धर्तीवर’ मिटल्या. दुर्गम भागातील मौल्यवान परंपरांची दखल कक्षाच्या पुढाकाराने घेण्यात आली, असं शेवटचं वाक्य प्रमुखांनी स्वतः सांगून लिहवून घेतलं.

दोघी बाहेर व्हरांड्यात आल्या. बाई बाकावर टेकल्या.

“तुला हे ठाऊक होतं?”

“हो,” भूगर्भ म्हणाली. तिला प्रश्नाचं नवल वाटलं. “म्हणून तर सगळं तुम्हाला विचारते.”

“काय विचारतेस?”

“सगळंच. दुसऱ्या वर्षी आजी आजारी होती, निरोप आला, तेव्हा जाऊ का म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, पेपर चार दिवसांवर आलेत, पेपर दे मग जा. मग नाही गेले.”

आजी त्याच आठवड्यात गेली होती. ते नंतर कळल्यावर बाईंनी चारचौघांत सांगितलं होतं, पोरगी किती समंजस, दुःख गिळून पेपर दिले. मुळात आपण तेव्हा काय बोललो, हे त्यांना आठवतही नव्हतं. शिक्का मारता मारता बोलून गेल्या असतील.

“सुट्टी लागली की घरी जाऊ का?” भूगर्भने विचारलं.

“अगं, मला कसलं विचारतेस!” बाई जवळजवळ ओरडल्याच. “तुझं घर, तुझी आई. वाटेल तेव्हा जा!”

मुलीचा चेहरा उतरला. “मग कुणाला विचारू?”

आत समिती चहा मागवत होती. बाईंनी टेबलाखाली लपवलेला तो हात पुढे केला आणि तिचा हात धरला.

“मलाच विचार,” त्या म्हणाल्या.

“मग जाऊ?”

“शेवटचा पेपर झाला की त्याच दुपारी निघायचं. आणि मी येतेय बरोबर. यात तुला काही विचारलेलं नाही, मी ठरवलंय. तुझ्या आईला समोर बसून सांगायचंय, तू नीट जेवतेस म्हणून.”