चहाला पाच, पंख्याला दोन

भुजंगरावांच्या घरी मी शेवटचा फुकट चहा प्यालो तो गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. त्यानंतरच्या चहांची तिकिटं माझ्या शर्टाच्या खिशातून धुण्यात निघतात आणि बायको मला वेड्यात काढते. मी त्यांचा शेजारी. दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे तिकडचं सगळं इकडे कळतं, नको असलं तरी.

एकतीस वर्षं ते एसटीत कंडक्टर होते. बहुतेक काळ भोकरदन-जालना. निवृत्त झाल्यावर जे हातात आलं ते घराच्या स्लॅबमध्ये आणि थोरल्या अर्पिताच्या लग्नात गेलं. पेन्शन सांगायला लाज वाटावी एवढी. घर चालतं मुलाच्या, पप्पूच्या पगारावर. तो बियाण्याच्या दुकानात कामाला आहे. राहिली धाकटी आकांक्षा. तिला नर्स व्हायचं होतं. जालन्याच्या कॉलेजचा पहिला हप्ता पंधरा हजार होता आणि भुजंगरावांनी ठरवलं, की कुणापुढे हात न पसरता हे पैसे वर्षभरात घरातूनच उभे करायचे.

इथपर्यंत मला त्यांचं कौतुकच आहे. शहाणी माणसं अशा वेळी पोस्टात खातं उघडतात. हे घरात तिकीट फाडायला लागले.

त्यांचं म्हणणं असं, की घरातला पैसा जातो कारण खर्चाला कुणी अडवून विचारत नाही. म्हणून जादा चहा पाच रुपये, दिवसा पंखा तासाला दोन, टीव्हीवरची मालिका तीन, भाकरीवर दुसऱ्यांदा कच्चं तेल घेतलं तर एक. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यांनी तिकिटांचे गठ्ठे बांधले, नंबर टाकले, कागदाला भोक पाडायचा पंच विकत आणला. बाजारातून आणलेल्या चामडी पिशवीचं तोंड शिवून टाकलं आणि वर फक्त नोट जाईल एवढी फट ठेवली. पिशवी त्यांच्या आईच्या, द्वारकाबाईंच्या खाटेच्या वरच्या खुंटीला टांगली. फेरी संपेपर्यंत, म्हणजे पोरीच्या ॲडमिशनपर्यंत, ती उसवायची नाही. आत किती जमले ते तिकिटांच्या नंबरवरून कळणारच होतं.

पहिल्याच दिवशी बायकोने, झुंबरबाईंनी, अर्धं तिकीट मागितलं. एसटीत बायकांना अर्धं, मग घरात पूर्ण कशाचं? नियम निघाला की भुजंगराव गप्प होतात. त्यांनी अर्धं फाडलं. आकांक्षाने विद्यार्थिनी म्हणून पास काढून घेतला. आणि द्वारकाबाई पडल्या एक्क्याऐंशीच्या. पंच्याहत्तरच्या वर एसटीला पैसे लागत नाहीत, तेव्हा घरात त्यांना सगळं माफ झालं.

मग काय विचारता. भर दुपारी पंखा सुरू, कुणासाठी? आजीसाठी. मालिका कोण बघतंय? आजी. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण तिला ऐकायला आवडतं म्हणे. दिवसाला अकरा चहा त्या एका म्हातारीच्या नावावर निघायला लागले. सगळं घर तिच्या खाटेभोवती बसलेलं असायचं, कारण फुकट तिथंच होतं. पप्पू तिच्या पायाशी बसून क्रिकेट बघायचा. मीही पंख्याखाली जाऊन बसायचो, खोटं कशाला बोलू. वर्षानुवर्षं त्या खोलीत कुणी पाच मिनिटं थांबत नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं आणि जरा वाईटही वाटलं.

घरातले पूर्ण तिकीट काढणारे दोघंच उरले, पप्पू आणि स्वतः भुजंगराव. त्यांनी अचानक तपासणी सुरू केली. तीत पहिले सापडले ते स्वतःच. स्टँडसमोरच्या टपरीवर एक चहा प्याले होते. घरी येऊन त्यांनी स्वतःला विनातिकीट धरलं, दहापट म्हणून पन्नास रुपये दंड केला, स्वतःलाच पावती दिली आणि स्वतःचीच सही घेतली. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

या ऑगस्टमध्ये फेरी संपत आली. नंबर सांगत होते आठ हजार सातशे साठ. सहा हजार दोनशे चाळीस कमी. आठवडाभर ते हा आकडा बसल्या-उठल्या बोलत होते आणि आकांक्षा जेवत नव्हती. पैसे भरायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं, ब्लेडने पिशवी उसवली आणि मोजायला बसले. तीनदा मोजले. पंधरा हजार साठ भरले.

आकांक्षा आनंदाने रडायला लागली. भुजंगराव मात्र घामाघूम झाले. सहा हजार तीनशे जास्त होते. तुम्हाआम्हाला कॅश कमी भरली की भीती. कंडक्टरला जास्त भरली तरी तेवढीच. जास्त म्हणजे तिकीट न देता पैसे घेतले. त्यांच्या डोळ्यांदेखत एकाला जादा चाळीस रुपयांसाठी घरी बसवलं होतं. त्यांनी जास्तीच्या नोटा ताटाखाली झाकून ठेवल्या, स्वतःला कामावरून कमी करत असल्याचं जाहीर केलं आणि एकेकाचा जबाब लिहून घ्यायला बसले.

"बिनतिकिटाचा पैसा हाय हा. ह्याला मी हात लावणार न्हाई," ते म्हणाले.

झुंबरबाईंनी त्यांना सरळ सांगितलं, की पोरीचं वर्ष गेलं तर या घरात त्यांना चहाच मिळणार नाही, तिकीट काढूनसुद्धा. मलाही संताप आला होता. तरी ते हलेनात.

तेवढ्यात खाटेवरून द्वारकाबाई बोलल्या. "म्या टाकले रं. सगळे मह्या नावावर फुकट हिंडून राह्यलेत. मंग भाडं कोण भरणार?"

भाचे, लेकी भेटायला आले की जाताना तिच्या हातात नोट ठेवत. त्या तिने वर्षानुवर्षं पावडरच्या डब्यात ठेवल्या होत्या, स्वतःच्या दहाव्याच्या खर्चाला. भुजंगरावांना ते माहीत होतं. मग तुझ्या दिवसांचं काय करायचं, असं त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"तिकडं जायला कुठं तिकीट लागतं," ती म्हणाली. "आता फाड मह्या नावानं. म्हंजी तुहा हिशेब बराबर."

"माय, तुला माफ हाय."

"माफच हाय की. आधी पायी हिंडले, मंग तुह्या पासावर, आता वयावर. जलमात एक तिकीट काढलं न्हाई. एक फुल फाड, जालन्याचं."

भुजंगरावांनी गठ्ठ्यातलं पुढचं तिकीट काढलं. त्यावर सहा हजार तीनशे लिहिलं, भोकरदन ते जालना लिहिलं. म्हातारीने तिकीट डोळ्यांजवळ नेलं, बोटाने चाचपलं आणि परत त्यांच्यापुढे धरलं.

"पंच मार," ती म्हणाली. "उद्या पोरीला कुणी मधीच उतरवायला नको."