आत्याने दोनदा कोरलेली शिळा

आमची आत्या पाथरवट, आणि घरातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. उभा जन्म छन्नी-हातोड्याच्या ठणठणाटात गेल्यामुळे तिला कमी ऐकू यायचं, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नाही, असा तिचा समज होता. ती कुजबुजली की शेजारचे खिडकीतून उत्तर द्यायचे.

हा आजोबांचा धंदा खरं तर थोरल्या काकांकडे जायचा होता. पण ते फौजेत गेले आणि युद्ध चालू असताना छावणीच्या दवाखान्यात तापाने वारले. त्यानंतर आजोबांनी हत्यारं कोपऱ्यात टाकली. आत्या तेव्हा शाळेत होती. तिने ती उचलली. आधी उंबरे आणि पायऱ्या घडवल्या, मग अक्षरांवर हात बसला तसे लोक दारावरच्या पाट्या आणि गेलेल्या माणसांच्या शिळा तिच्याकडूनच करून घेऊ लागले.

आमच्या भागातल्या खेड्यापाड्यांतून बरीच मुलं फौजेत गेली होती आणि त्यातली बरीच परत आली नव्हती. त्यांच्यासाठी बाजाराच्या चौकात स्मारक उभारायचं ठरलं, तेव्हा समितीने शिळेचं काम आत्याला दिलं. समितीचे प्रमुख एक निवृत्त मेजर. शब्दाला पक्के आणि शिस्तीला त्याहून पक्के. त्यांचा नियम एकच होता: जो लढताना पडला, त्याचंच नाव कोरायचं.

म्हणजे काकांचं नाव नाही. बाबा भडकले, समितीकडे जाऊन भांडतो म्हणाले. आत्याने त्यांना दारातच अडवलं. दगड मी कोरायचा आणि नावही माझ्याच भावाचं घुसवायचं, लोक तोंडावर थुंकतील, म्हणाली. विषय तिथेच मिटला. तिने गेरूने रेघा आखल्या आणि वर्णानुक्रमाने नावं कोरायला घेतली. प्रत्येक नावाआधी ती त्या घरी जाऊन यायची आणि मुलगा कसा होता एवढंच विचारायची. त्याचा दगडाला काय उपयोग, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली की हात नीट चालतो.

निम्मी शिळा झाली असेल, तेव्हा एक म्हातारी आत्याच्या कारखान्यात आली. तिचा नवरा फौजेच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. आघाडीवर दारूगोळा नेताना ट्रक दरीत कोसळला आणि तो गेला. नाव कुठे येणार, हे बघायला ती आली होती. आत्याने तिला चाचरत नियम सांगितला. म्हातारी रडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, "म्हणजे तो उगाच मेला म्हणायचं."

त्या दिवशी कारखान्यातून आवाजच आला नाही. आत्याला बरं नाही की काय, म्हणून शेजारचे चौकशी करून गेले.

समितीची पुढची बैठक वाचनालयाच्या मागच्या खोलीत होती. आत्या तिथे जाऊन बसली. समोर आलेला चहा तिने घेतला नाही.

"साहेब, त्या ट्रकमधला दारूगोळा कुणासाठी चालला होता?"

"आमच्यासाठी," मेजर म्हणाले.

"मग तो तुमच्यातला कसा नाही?"

मेजरांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं की आघाडीवर ते घाटातल्या दिव्यांची वाट बघायचे, आणि ज्या रात्री ट्रक आले नाहीत त्या रात्री कुणाच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. नियम मी केला होता, मीच मोडतो, म्हणाले. युद्धाच्या कामी जो गेला, मग तो कसाही जावो, त्याचं नाव येईल.

लगेच कुणीतरी सुचवलं की शिळेवर खाली जागा आहेच, तिथे 'इतर' असा मथळा देऊन ही नावं घालता येतील. सगळ्यांना हायसं वाटलं. आत्या मात्र उठून उभी राहिली.

"इतर म्हणून कुणी मरत नाही," ती म्हणाली. "मी दगड घासून काढते आणि पहिल्यापासून कोरते."

अनावरणाची तारीख ठरली आहे, याची तिला आठवण करून देण्यात आली.

"मग पुढे ढकला. ज्यांच्यासाठी करताय, ते थांबतील."

कोरलेला दगड घासून पुन्हा सपाट करणं म्हणजे जीव काढणारं काम. पाणी ओतायचं, घासायचं, गाळ पुसायचा, पुन्हा ओतायचं. आत्याच्या बोटांची सालं निघाली. एका सकाळी मेजर दारात येऊन उभे राहिले. काकांबद्दल त्यांना बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. तुम्ही बोलला का नाहीत, असं त्यांनी विचारलं.

"मी माझ्या भावासाठी आले असते, तर तुम्ही ड्रायव्हरचं ऐकलं नसतं," आत्या म्हणाली.

मेजरांनी बाह्या वर सारल्या आणि दुसरा घासणीचा दगड हातात घेतला. थोड्याच वेळात, जोर कमी लावा, हा दगड आहे, शत्रू नाही, असं आत्या त्यांना सांगत असलेलं अख्ख्या गल्लीने ऐकलं. ते निमूट ऐकायचे. शिळा आरशासारखी होईपर्यंत रोज यायचे.

मग पहिल्या अक्षरापासून सगळं नव्याने सुरू झालं. काकांचं नाव जरा ठसठशीत घे, असं बाबांनी सुचवून पाहिलं. सगळी एकाच मापाची, आत्याने ऐकवलं. ते नाव पुरं झालं त्या दुपारी मात्र तिने हत्यारं पुसून ठेवली आणि न जेवताच झोपली. कामाच्या वेळी तिला आडवी झालेली आम्ही कधी पाहिली नव्हती.

अनावरण झालं. भाषणं सुरू असताना ती म्हातारी शिळेपाशी आली. तिला वाचता येत नव्हतं. आत्याने तिचा हात धरून नवऱ्याच्या नावावर ठेवला. म्हातारी एकेक अक्षर चाचपत शेवटपर्यंत गेली. मग तिची बोटं खालच्या ओळीवर टेकली.

"हा कोण?"

"माझा भाऊ. तापाने गेला."

म्हातारीने तेही नाव तितक्याच सावकाश चाचपलं. काय वय होतं, असं तिने विचारलं आणि आत्या सांगू लागली. सांगत सांगतच दोघी गर्दीतून बाहेर पडल्या आणि पलीकडच्या दुकानाच्या पायरीवर सावलीत जाऊन बसल्या. व्यासपीठावरून आत्याचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा ती तिथे नव्हती.