गावकीचा टोप कुणाकडे

बदलापूर गावातल्या विठाबाईंची सून किर्ती नेमकं काय काम करते, हे घरात कुणालाच धड सांगता येत नसे. कुणी विचारलं तर विठाबाई म्हणत, "ती कम्प्युटरमधी हाय." जणू सून तिथेच राहायला गेली होती.

एकदा नणंदेने, तेजलने, फारच खोदून विचारलं तेव्हा किर्तीने लॅपटॉप मिटला आणि समजावून सांगितलं. मोठ्या कंपन्यांची माहिती साठवणारी कपाटाएवढी यंत्रं असतात. त्यांत माहिती एका जागी बसून राहत नाही, सोयीप्रमाणे इकडून तिकडे हलते. म्हणून कोणती माहिती सध्या कुठे आहे, याचा एक तक्ता लागतो. यंत्रातल्या प्रत्येक प्रोग्रॅमने आपापला तक्ता ठेवला, तर एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही. त्यापेक्षा एकच तक्ता सगळ्यांच्या सामाईक मेमरीत ठेवायचा. जो माहिती हलवील त्याने तक्ता अडवायचा, त्यात नवा पत्ता घालायचा आणि मग सोडायचा. हा सामाईक तक्ता सांभाळणं हेच तिचं काम.

"म्हणजे आपल्या गावकीच्या भांड्यांसारखं," तेजल म्हणाली.

किर्तीला ते एकदम पटलं. गावाने फार पूर्वी वर्गणी काढून कार्यासाठी भांडी घेतली होती. पराती, घंगाळं, आणि माणूस आत बसेल एवढा भाताचा टोप. त्यांना कोठार असं नव्हतंच. ज्याच्या घरी शेवटचं कार्य झालं त्याच्याकडे भांडं राही, पुढच्याने मागितलं की निघे. निघताना घरची बाई ओटीवर उभी राहून ओरडे, "आमच्याकडला टोप गेला गो!" आळीला ऐकू गेलं की झाली नोंद.

किर्तीचं माहेर अंबरनाथचं, तेही इमारतीतलं. त्यामुळे गावचं जे जे जुनं, त्याचं तिला भारी कौतुक. ऑफिसातल्या एका भाषणात तिने या टोपाचा दाखला दिला आणि टाळ्या घेतल्या. तेव्हापासून गावकीच्या भांड्यांना गावात किर्तीइतकं मानणारं दुसरं कुणी उरलं नाही.

आणि तेजलचं लग्न ठरलं.

"हळदीच्या जेवणाला कॅम्प दोनमधला आचारी होतचंद सांगितलाय," विठाबाई म्हणाल्या. "तो येतो, शिजवतो, भांडी घासून घेऊन जातो."

"कॅटरर कशाला, आई? गावकीचा टोप असताना?"

"तो टोप उचलून माझी कंबर गेली, बाय. आता लेकीच्या हळदीला तरी मला चांगलं पातळ नेसून खुर्चीवर बसू दे."

"तुम्ही बसाच. मी आणि आळीतल्या बायका करू सगळं. होतचंदला नको म्हणून सांगा."

किर्तीचा नवरा संतोष पेपरामागून म्हणाला, "मला मध्ये घेऊ नका."

"सांगते हो," विठाबाई म्हणाल्या. "पण गाव उपाशी उठलं, तर हळदीच्या दिवशी लोकांना तोंड तू दाखवायचं. मी नाय."

किर्तीने हसून मान डोलावली. या घरात येऊन तिला बरीच वर्षं झाली होती, पण आपल्या शब्दावर एखादं कार्य उभं राहायची ही पहिलीच वेळ.

हळदीच्या दिवशी सकाळी ती टोप आणायला निघाली. शेजारच्या ओटीवर बसलेल्या सदूनानांना तिने विचारलं, "नाना, गावकीचा टोप कुणाकडे?"

"कमळीच्या माळ्यावर," नाना तंबाखू मळता मळता म्हणाले.

खात्रीसाठी तिने आणखी चार घरी विचारलं. सगळीकडे एकच उत्तर. कमळाबाईच्या माळ्यावर, पालथा घातलेला. एवढ्या घरांत एका शब्दाचाही फरक नाही! किर्तीला भरून आलं. ऑफिसातली यंत्रंसुद्धा इतक्या एकमताने बोलत नव्हती.

कमळाबाईंनी दार उघडलं. "टोप ना? हाय की. माळ्यावर हाय."

"काढायला माणसं पाठवू?"

"पाठव ना."

मग दोघींनीही वर पाहिलं. वर पांढरंशुभ्र प्लास्टर होतं आणि त्यात गोल दिवे बसवलेले होते. कमळाबाईंचं कौलारू घर पाडून तिथे इमारत उभी राहिल्याला बरेच दिवस झाले होते. घरमालकीण म्हणून त्यांना चौथ्या मजल्यावर हा फ्लॅट मिळाला होता. माळा होता कुठे?

"अगो बाय," कमळाबाई मटकन सोफ्यावर बसल्या. "सगळी म्हणतात माळ्यावर, म्हणून मी पण म्हणते माळ्यावर."

घर रिकामं करायच्या घाईत टोप तिथेच राहिला आणि त्या ओटीवर जाऊन ओरडायच्याही राहून गेल्या होत्या. त्याआधीपासूनच गावातला जो तो कॅटरर बोलावू लागला होता, त्यामुळे टोपाची आठवण सगळ्यांना होती, गरज कुणालाच नव्हती. किर्तीच्या कंपनीतलं यंत्र जरा मोकळं झालं की तक्त्यातला एकेक पत्ता जाऊन तपासून येई. ती सोय तिनेच बसवली होती. भाषणात मात्र तिने तेवढा भाग वेळेअभावी गाळला होता.

टोप सापडला. इमारतीच्या फाटकाशी, हिरव्या ऑइलपेंटने रंगवलेला, आत शोभेचा ताड. पाणी निथळावं म्हणून बुडाला भोकंही पाडलेली.

"कुंडी छान आहे हो," वॉचमन म्हणाला. "बिल्डरने दिली."

किर्ती घरी परतली ती पाय ओढत. काय सांगायचं याची जुळवाजुळव करत ती मांडवाशी आली, तर तिथे एक टेम्पो उभा. होतचंद भांडी उतरवून घेत होता. "माताजी, भट्टी किधर लगाऊँ?"

"मागच्या दारी लगाव," नव्या पातळातल्या विठाबाई खुर्चीवरूनच म्हणाल्या.

"आई, तुम्ही याला नको म्हणून सांगितलं नव्हतं?"

"सांगणार होते," विठाबाई म्हणाल्या. "राहून गेलं."

किर्तीने हलक्या आवाजात माळा, ताड, भोकं, सगळं सांगितलं. विठाबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "घरोघर विचारत फिरलीस?"

"हो."

"मग झालंच," त्या म्हणाल्या. तेवढ्यात सदूनाना मांडवात शिरले. टेम्पोकडे बघत त्यांनी विचारलं, "काय गो विठा, टोप मिळाला नाय वाटतं?"

"टोप कशाला हवा, नाना? जेवण होतचंदचं, पहिल्यापासून ठरलेलं. सून आली होती ती तुम्हाला हळदीचं आवतण द्यायला. फोनवर काय, कुणीही सांगतं."

सदूनानांनी तंबाखू दाढेखाली ठेवली. मग त्यांनी मान डोलावली. "व्हय, आली होती खरी."

संध्याकाळी पंगत बसेपर्यंत ही गोष्ट मांडवभर झाली होती. एवढी शिकलेली पोर, पण दारोदार पायी जाऊन बोलावून गेली. कमळाबाई तर शेजारणीला सांगत होत्या, "चार मजले चढून आली, लिफ्ट असून!" पाचही घरांचं पुन्हा एकमत झालं होतं.

सामाईक तक्त्यात चुकीची नोंद शिरू न देण्याचाच किर्ती पगार घेत होती. ही नोंद मात्र तिने तशीच राहू दिली, भाताची परात उचलली आणि पंगतीत आग्रह करत फिरू लागली.